सांभाळून घेणे आणि सोय करणे

नोकरीवर रुजू होताना जे कागद भरून द्यावे लागतात, त्यांत एक रकाना हमखास असतो. नाव, जन्मतारीख, शिक्षण, रक्तगट, आधीच्या नोकरीचा तपशील असे भराभर लिहीत गेले की शेवटाकडे तो येतो : ‘काही अपंगत्व आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ ज्याच्या पायाला कॅलिपर आहे किंवा कानात यंत्र आहे, त्याच्यापुढे इतर अडचणींचे डोंगर असतील. पण सांगावे की सांगू नये, हा प्रश्न बहुधा नसतो. समोरच्याला ते दिसतच असते. पेन अडते ते ज्यांचे काहीच दिसत नाही त्यांचे. डिस्लेक्सियामुळे दहावीला जादा वेळ घेतलेली आणि पुढे रीतसर इंजिनिअर झालेली मुलगी इथे थबकते. शाळेने सुचवले म्हणून मुलाला तज्ज्ञांकडे घेऊन गेलेला, आणि तिथले प्रश्न ऐकता ऐकता ‘अरे, हे तर माझेच वर्णन चालले आहे’ असे ज्याच्या ध्यानात आले, तो चाळिशीचा हिशेबनीस नवी नोकरी धरताना इथेच थबकतो. दोघेही थोडा वेळ कागदाकडे बघतात आणि ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात.

मोकळे होतात, हा आपला म्हणण्याचा भाग. पुढची पंचवीस-तीस वर्षे तो ‘नाही’ रोज खरा करून दाखवावा लागतो. इतरांना अर्ध्या तासात जमणाऱ्या पत्राला दीड तास लागतो, म्हणून डबा न खाता ते पुरे करायचे. चार फोन आणि शेजारच्या टेबलावरच्या गप्पा यांच्या कल्लोळात डोके भणभणते, म्हणून जिन्यात जाऊन पाच मिनिटे उभे राहायचे, आणि कोणी विचारलेच तर ‘जरा पाय मोकळे करायला आलो’ म्हणायचे. साहेबांनी चालता चालता सांगितलेल्या पाच कामांपैकी तीनच लक्षात राहतात, म्हणून उरलेली दोन कोणाकडून तरी आडवळणाने काढून घ्यायची. ही मेहनत कोणत्याही हजेरीपटावर मांडली जात नाही. पगार कामाचा मिळतो. लपवण्याचे काम मात्र फुकट करावे लागते.

अशा माणसांसाठी इंग्रजीत ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द आता रुळला आहे. माणसांच्या मेंदूची घडण एकाच साच्यातली नसते, आणि साच्याबाहेरची प्रत्येक घडण म्हणजे बिघाड नव्हे, हा विचार गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ऑटिझम असलेल्या मंडळींच्या आपापसांतल्या चर्चेतून पुढे आला. आपण त्याला ‘मेंदूची वेगळी घडण’ म्हणू. तीत ऑटिझम येतो. वाचन-लेखनातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया आणि आकड्यांतली अडचण म्हणजे डिसकॅल्क्युलिया येतो. लक्ष एका जागी टिकवणे अवघड करणारा एडीएचडी येतो. ही बुद्धीची उणीव नव्हे, आणि औषधाचा कोर्स संपला की जाणारा आजारही नव्हे. शाळेत ज्यांना आपण ‘धांदरट’, ‘आळशी’, ‘घुमा’, ‘विसरभोळा’ अशी नावे ठेवून पुढच्या वर्गात ढकलले, त्यांच्यातली काही मंडळी ही असतात.

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द मला नेहमी खटकतो. ‘स्वतःत मग्न’ म्हटले की एक तर डोळे मिटून बसलेला योगी डोळ्यांपुढे येतो, नाही तर इतरांची पर्वा नसलेला आढ्यताखोर. प्रत्यक्षात यांतल्या पुष्कळांची तक्रार नेमकी उलटी असते. पंख्याची खडखड, ट्यूबलाइटची फडफड, चहाच्या कपांचा आवाज, कोणाच्या तरी अत्तराचा वास हे सारे इतरांचा मेंदू गाळून टाकतो; यांच्या मेंदूत ते सारे एकाच वेळी, सारख्याच जोराने शिरते. जगापासून ज्याला क्षणभर सुटका मिळत नाही त्याला आपण मग्न म्हणतो. शब्द असे दिशाभूल करणारे असले की सांगणाऱ्याची निम्मी पंचाईत तिथेच होते.

बँकेत उमेदवारी केलेल्या प्रत्येकाला एक जुना ठोकताळा ठाऊक असतो. संध्याकाळी दिवसाचा ताळा जमला नाही, जमा आणि नावे यांत फरक राहिला, की आधी त्या फरकाला नऊने भाग द्यायचा. पूर्ण भाग गेला तर बहुतेक वेळा कोणी तरी आकड्यांची अदलाबदल केलेली असते. ५७ च्या जागी ७५ लिहिले तर फरक १८. ४८२ चे ४२८ झाले तर फरक ५४. दोन्हींना नऊने भाग जातो. हा ठोकताळा लेजरच्या काळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. याचा अर्थ असा की आकडे उलटे पडणे ही इतकी नित्याची मानवी गोष्ट आहे की तिच्या शोधासाठी हिशेबनिसांनी गणित बसवून ठेवले होते. प्रश्न एवढाच की काहींच्या हातून ते वर्षातून दोनदा होते आणि काहींच्या हातून आठवड्यातून दोनदा.

त्यात आपली मराठी भर घालते. इंग्रजीत ‘फिफ्टी-सेव्हन’ म्हणतात तेव्हा पाच आधी ऐकू येतो आणि आधीच लिहिला जातो. मराठीत ‘सत्तावन्न’ म्हटले की सात आधी कानावर पडतो, पण लिहायचा असतो नंतर. ज्यांच्या मेंदूला हा उलटा क्रम सहज फिरवता येतो त्यांना यात काही विशेष आहे हेच उमगत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची सोपी रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! विधिमंडळात विनोद झाले, वर्तमानपत्रांत भाषेच्या ऱ्हासाचे अश्रू ढाळले गेले. गणिताच्या अभ्यासक डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांमुळे आणि या उलट्या क्रमामुळे मुले गणितालाच बिचकतात. त्यांचे म्हणणे कोणाला पटो वा न पटो. पण ज्यांना तो क्रम कधीच अडला नव्हता, तेच त्या वेळी सर्वांत मोठ्याने बोलत होते. कचेऱ्यांतही नेमके हेच होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाखेत एक कारकून होता. वागायला लाघवी. कोणत्या खातेदाराची मुलगी कुठे दिली आहे, कोणाच्या उसाला तोड मिळालेली नाही, कोणाचे कर्ज बुडणार आणि कोणाचे फक्त लांबणार, हे त्याला न विचारता कळायचे. पण आकडे त्याच्या हातात उलटे व्हायचे. शाखेचे हेडक्लार्क जुन्या वळणाचे होते. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्यांनी ऐकला असण्याचा संभव नव्हता. त्यांनी एका जाड पोस्टकार्डाला ब्लेडने आडवी खाच पाडून ते त्याला दिले. लेजरवर ते ठेवले की एका वेळी एकच ओळ दिसायची. रक्कम सांगताना ते त्याला ‘सत्तावन्न’ न म्हणता ‘पाच, सात’ असे सुटे आकडे सांगायचे. बेरजांचे काम त्यांनी दुसऱ्या एका मुलाकडे दिले. त्या मुलाला माणसांशी बोलायचे जिवावर यायचे, म्हणून त्याची वसुलीची गाठभेट याच्याकडे. कोणाला काही न सांगता, कागदावर एक ओळ न लिहिता हे सारे चालले होते. दिवसाचा ताळा बहुधा वेळेवर जमायचा.

याला आपल्याकडे ‘सांभाळून घेणे’ म्हणतात. मराठी माणसाचा हा एक मोठा गुण आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. कायदा नव्हता, संस्था नव्हत्या, निदान नव्हते, त्या काळात असंख्य माणसांच्या नोकऱ्या या एका गुणावर टिकल्या.

पुढे हेडक्लार्क निवृत्त झाले. नवे आले ते वाईट नव्हते, शिस्तीचे होते. कारकुनांची टेबले ठरावीक काळाने बदलली पाहिजेत हा बँकेचा नियम आहे आणि तो अफरातफर टाळण्यासाठी केलेला चांगला नियम आहे. त्यांनी तो अमलात आणला. सहा महिन्यांत आमच्या या मित्राला दोन मेमो मिळाले. खुलासा मागवला गेला. त्याने लिहिले, ‘अनवधानाने चूक झाली, पुन्हा होणार नाही.’ पुन्हा होणार हे त्यालाही माहीत होते. पण दुसरे लिहिणार काय? आपल्याला जे होते त्याला नाव आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि आधीच्या साहेबांनी आपल्यासाठी जे केले ती एक व्यवस्था होती, हे दाखवायला त्याच्याजवळ चिटोरेही नव्हते. ऑफिसर होण्याच्या परीक्षेला तो कधी बसलाच नाही. २००१ च्या स्वेच्छानिवृत्तीत त्याने सर्वांआधी अर्ज दिला. माणसे ओळखणारा एक उत्तम मॅनेजर बँकेला मिळाला असता, तो मिळाला नाही. आणि हा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसला नाही.

सांभाळून घेण्याची मर्यादा इथे आहे. ते एका चांगल्या माणसाच्या मर्जीवर चालते, आणि चांगल्या माणसाची बदली होते. शिवाय ज्याला सांभाळले जाते तो कायमचा उपकारात राहतो. त्याला पगारवाढ मागता येत नाही, चुकीच्या गोष्टीला विरोध करता येत नाही. ‘तुला सांभाळले कोणी?’ हा प्रश्न न बोलताही हवेत असतो. सोय वेगळी. स्टेशनवर जिना असतो, तेव्हा तो चढताना आपण कोणाचे आभार मानत नाही.

सांभाळण्याकडून सोयीकडे जाण्याचा आपला कायदेशीर प्रवास फार जुना नाही. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार धरले होते. त्यांत ऑटिझम नव्हता, डिस्लेक्सिया नव्हता. १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, त्यात ऑटिझमचे नाव आले. पण त्या कायद्याचा भर पालकत्वावर आणि देखभालीवर होता, नोकरीवर नव्हे. २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला संमती दिली. त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात सातांचे एकवीस प्रकार झाले. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलिया आणि त्यांची भावंडे, त्यात आली. एडीएचडी मात्र त्या यादीत स्वतःच्या नावाने नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची कल्पना आरक्षणाची नाही, ‘वाजवी सोयी’ची आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क वापरता यावेत म्हणून, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता जे आवश्यक आणि योग्य फेरबदल करायचे, ती वाजवी सोय. अशी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे कायदा सांगतो. सरकारी आस्थापनांवर ही सोय करण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत टाकली आहे. समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन मात्र खाजगी आस्थापनांवरही आहे, आणि वीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील तर त्या धोरणात कोणत्या सुविधा देणार आणि या कामासाठी कोणता अधिकारी नेमला, हे लिहावे लागते. वाचकांनी आपापल्या कचेरीत हे धोरण कुठे आहे याची एकदा सहज चौकशी करून पाहावी. ज्याला विचाराल तो प्रथम दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवण्याचा संभव आहे.

पुष्कळांचा समज असा की अपंगत्व चाळीस टक्के असल्याचा दाखला नसेल तर काहीच मागता येत नाही. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणासाठी चाळीस टक्क्यांची अट आहे, हे खरे. त्या चारांतला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अपंगत्व यांच्यासाठी मिळून आहे. पण सोयीचे तसे नाही. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना बोटे आखडण्याचा त्रास होता. २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी त्याने लेखनिक मागितला. लोकसेवा आयोगाने नकार दिला, कारण तो चाळीस टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ती चौकट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोयीचा हक्क तिच्यात कोंडता येणार नाही. न्यायालयाने सरकारला नियम करायला सांगितले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांखालच्या, लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. एका परीक्षार्थीच्या हट्टामुळे हजारोंना दार उघडले.

त्याच वर्षी, १७ डिसेंबर २०२१ रोजी, आणखी एक निकाल आला. केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी रविंदर कुमार धारीवाल यांच्यावर खातेनिहाय चौकशी चालू होती आणि त्यांना मानसिक आजार होता. ज्या वागणुकीबद्दल चौकशी, तिच्यामागच्या कारणांत तो आजार हेही एक कारण असेल, तर अशी चौकशी हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. मानसिक आजार आणि मेंदूची वेगळी घडण या दोन गोष्टी एक नव्हेत. पण माणसाच्या वर्तनाचा पंचनामा करण्यापूर्वी त्याचे कारण पाहावे, हे तत्त्व दोघांनाही लागू पडते. आमच्या त्या मित्राचे दोन मेमो मला हा निकाल वाचताना आठवले.

कायदा एवढा पुढे गेला, मग अडते कुठे? अडते ते दाराच्या आत. बँकांच्या भरती परीक्षेत पात्र दिव्यांग उमेदवाराला दर तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. म्हणजे आत येताना आपण मान्य करतो की या माणसाला थोडा अधिक वेळ लागतो. तो आत आला, काउंटरवर बसला, की ती वीस मिनिटे कुठे जातात? शाळेचेही तसेच. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, कॅल्क्युलेटर, लेखनिक अशा सवलती मिळू लागल्या. त्या पहिल्या तुकड्यांतली मुले आज चाळिशीत आहेत. शाळेने त्यांना ओळखले. त्यानंतर त्यांची अडचण जणू गुणपत्रिकेबरोबर कपाटात गेली, असे धरून आपण वागतो.

ज्या सोयी लागतात त्या ऐकल्या की हसू येईल, इतक्या साध्या असतात. तोंडी दिलेला हुकूम दोन ओळींत लिहून द्यावा. बैठकीत काय बोलायचे आहे ते आदल्या दिवशी कळवावे. बसायची जागा रोज बदलू नये, आणि शक्य तर दारापासून व फोनपासून दूर असावी. कानावर आवाज अडवणारे हेडफोन लावले तर त्याचा उर्मटपणा म्हणून अर्थ लावू नये. लांब परिपत्रक वाचून दाखवणारी सोय संगणकावर असते, ती वापरू द्यावी. मोठे काम असेल तर त्याचे तुकडे करून प्रत्येकाची तारीख द्यावी. बढतीच्या परीक्षेत आणि मुलाखतीत थोडा वेळ अधिक द्यावा. यात कारखाना हलवावा असे काय आहे? बहुतेक गोष्टींना एक रुपया खर्च नाही. खर्च आहे तो सवय बदलण्याचा, आणि तोच माणसाला सर्वांत महाग वाटतो.

‘मग आम्हालाही द्या की!’ असे शेजारच्या टेबलावरून येतेच. ‘आम्हालाही गोंगाटाचा त्रास होतो, आम्हीही विसरतो.’ खरे आहे. म्हणून तर बँकेची सगळी पद्धत उभी आहे. तिजोरीला दोन किल्ल्या का असतात? एक व्हाउचर दोघांनी का तपासायचे? रोख दोनदा का मोजायची? कारण कोणाच्याही एकट्याच्या स्मरणशक्तीवर, लक्षावर आणि सचोटीवर विसंबू नये, हे बँकेने शंभर वर्षांपूर्वीच ठरवले. माणसाच्या उणिवांची सोय कामाच्या रचनेतच करून ठेवण्याचा तो नमुना आहे. सर्वसाधारण माणसाच्या चुकांसाठी ज्या संस्था एवढी जय्यत तयारी करतात, त्यांनी थोड्या वेगळ्या माणसासाठी आणखी एक खाच पाडलेले पोस्टकार्ड द्यायला कुरकुर करावी, हे काही पटत नाही. आणि गोंगाट सगळ्यांनाच त्रास देत असेल तर तो सगळ्यांसाठीच कमी करावा. त्याला कोणाची हरकत आहे?

दुसरे टोकही तितकेच फसवे. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला, हे त्या चित्रपटाचे ऋण मोठे आहे. पण त्यातला मुलगा शेवटी चित्रकलेची स्पर्धा जिंकतो. सगळ्यांनाच चित्र काढता येत नाही. पुढे उद्योगजगतातही तसेच झाले. डेन्मार्कमध्ये थोर्किल सोन्ने यांनी आपल्या मुलाच्या निमित्ताने २००४ साली ऑटिझम असलेल्यांना काम देणारी कंपनी काढली. २०१३ मध्ये ‘सॅप’ या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने अशी भरती मुद्दाम करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. ही पावले चांगलीच. पण त्यातून एक नवी अपेक्षा जन्माला आली की असा माणूस म्हणजे संगणकातला जादूगार असणार. ज्याला कोणतीही जादू येत नाही, ज्याला फक्त आपले नेमून दिलेले काम नीट करून संध्याकाळी घरी जायचे आहे, त्याचे काय? बाकीच्यांना आपण नोकरी देतो ती अलौकिक बुद्धीसाठी देत नाही. यांच्याकडूनच ती अट का?

आता ज्याचे पेन रकान्यापाशी अडले आहे, त्याच्याकडे वळू. सांगावे की सांगू नये? ‘बिनधास्त सांगा’ असे रविवारच्या पानावरून म्हणणे सोपे आहे; नोकरी आपली जाणार नसते. कायदा काहीही म्हणो, प्रोबेशन संपायच्या आधी काढून टाकायला कारण द्यावे लागत नाही अशीच पुष्कळ मालकांची समजूत असते. कचेरीत सांगितलेली गोष्ट कचेरीत राहत नाही. आपल्या समाजात ती लग्नाच्या बोलण्यांपर्यंत जाते, धाकट्या बहिणीच्या स्थळापर्यंत जाते. म्हणून न सांगणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. सांगणे हे कर्तव्य नव्हे. तो त्या माणसाचा हक्क आहे, आणि हक्क केव्हा वापरायचा हेही त्यानेच ठरवायचे असते.

पण न सांगण्याचीही किंमत असते आणि ती मेमोच्या रूपाने वसूल होते. चूक झाल्यावर सांगितलेले कारण सबब वाटते; चूक होण्याआधी सांगितलेले कारण माहिती असते. म्हणून ज्यांना सांगायचे आहे त्यांनी ते बऱ्या दिवसांत सांगावे. निदानाचे व्याख्यान देऊ नये, कामाविषयी बोलावे. ‘मला एडीएचडी आहे’ एवढेच ऐकून साहेब गोंधळतील किंवा हळहळतील, आणि दोन्हींचा उपयोग नाही. ‘मला तोंडी सूचना निसटतात, त्या लेखी मिळाल्या तर माझे काम वेळेवर होते’ हे वाक्य कोणालाही कळते. एकदम दहा गोष्टी मागू नयेत, दोन मागाव्यात. जमल्या तर तीन महिन्यांनी त्यांचा काय उपयोग झाला ते आपणहून दाखवावे. आणि जे बोलणे झाले ते त्याच दिवशी, सौम्य भाषेत, लेखी पाठवून ठेवावे. बँकेत जे कागदावर नाही ते घडलेलेच नाही, असे म्हणतात. नोकरीतही तेच खरे.

तरीही, हा सगळा विचार सांगणाऱ्यानेच का करायचा? सांगावे की सांगू नये हा प्रश्न आपण त्याच्या माथी मारतो, आणि ऐकणारा कसा ऐकणार आहे याची कोणी चौकशी करत नाही. रकान्यात ‘अपंगत्व आहे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘तुम्हाला काम नीट करता यावे म्हणून काय हवे?’ असे विचारता येणार नाही का? तेही एकट्यादुकट्याला नव्हे, रुजू होणाऱ्या प्रत्येकाला. कोणी उंच खुर्ची मागेल, कोणी मोठ्या अक्षरांचा पडदा मागेल, कोणी तान्ह्या मुलासाठी वेळ मागेल आणि कोणी लेखी सूचना मागेल. मग मागणारा उठून दिसणार नाही, आणि लपवण्यासारखे फारसे उरणार नाही.

आणि जे ठरेल ते टिकले पाहिजे. बँकेत मॅनेजर बदलला की जाणारा येणाऱ्याला चार्ज देतो. किल्ल्या, शिक्के, कोऱ्या ड्राफ्टांची पुस्तके, भिंतीवरचे घड्याळ, सगळ्यांची यादी होते आणि दोघे तिच्यावर सह्या करतात. पंख्यांची संख्यासुद्धा तीत असते. खिडकीजवळच्या टेबलावरच्या माणसाला काम लेखी द्यायचे असे ठरले आहे, ही ओळ, त्याची संमती घेऊन, त्या यादीत लिहिली जाईल, तेव्हा जाणाऱ्या साहेबाच्या चांगुलपणाबरोबर त्या माणसाची नोकरी जाणार नाही.